मालतीबाईंनी शिकवलेला हिमालय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती जाईपर्यंत नाही. तुम्हाला का सांगतोय, ठाऊक नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी धारच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. शाळा हिंदी. स्टाफरूममध्ये माझ्याशी मराठीत बोलणारं एकच माणूस — मालतीबाई. मूळ तिकडच्याच बागली गावच्या. नोकरी कच्ची; खालच्या वर्गांना भूगोल त्याच शिकवायच्या, आणि असा, की घंटा झाली तरी मुली उठत नसत.

एकदा मुलींची सहल मांडूला नेली. दरीच्या कड्यात काळ्या कातळाचे थर एकावर एक, मधूनच लालसर पट्टा. बाईंनी विचारलं आणि मी खुललो. प्रत्येक काळा थर म्हणजे लाव्ह्याचा एक लोट. तो निवला, त्याच्यावर माती झाली — तो लाल पट्टा — मग पुढचा लोट. तिथंच थांबलो असतो तर? पण इंदूरला शिक्षकांच्या शिबिरात ऐकलेलंही सांगून टाकलं: आपली ही जमीन दक्षिणेकडून सरकत आली, आशियाला धडकली, म्हणून हिमालय उचलला गेला. पुस्तकात तेव्हा जुनंच होतं — पृथ्वी निवताना आकसली, तिला सुरकुत्या पडल्या, ते पर्वत.

"मुलींना सांगू हे?"

"बिनधास्त सांगा. कुणी काही म्हटलं तर मी आहे ना."

मी आहे ना — किती सोपं असतं हे म्हणणं, नाही?

बाईंनी टेबलावर दोन ओले टॉवेल एकमेकांवर रेटून धडा शिकवला. पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी हिमालयाचं विचारलं, आणि मुलींनी तेच उत्तर दिलं. साहेब भडकले. हेडमास्तरांनी आम्हा दोघांना साहेबांपुढं बोलावलं. बाई शांत होत्या. म्हणाल्या, सरांना विचारा. साहेब माझ्याकडे वळले.

"क्यों मास्साब, आपने कहा था?"

खरं सांगू? नोकरी माझी पक्की होती. नुसता घाबरलो — साहेबांच्या आवाजाला. "नहीं सर," म्हणालो, "मैंने तो किताब ही पढ़ाने को कहा था."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. महिनाअखेर त्यांना काढलं. मुलींना वाटलं, बाईंनी खोटं शिकवलं — तेही मी वाटू दिलं. मग स्टाफरूममध्ये डबा एकटाच खाऊ लागलो.

काही वर्षांनी पुस्तक बदललं. तोच धडा मी शिकवला. शाबासकीही घेतली.

आणि एकदा, धामनोदच्या बसस्टँडवर, त्या दिसल्या. केस पिकलेले, हातात पिशवी. ओळखून पुढं आल्या, "सर, कसे आहात?" म्हणाल्या. किती वर्षांनी घराबाहेर कुणी मला मराठीत हाक मारली होती! मी ऐकलंच नाही असं केलं — आणि समोरच्या बसमध्ये चढलो. ती बस कुठं चालली होती, तेही पाहिलं नव्हतं.