विहिरीतला फुटवॉल

ताई माझी चुलत बहीण, मोठ्या काकांची एकुलती एक. लहानपणी तिला ताप येऊन गुडघे सुजले होते. सूज उतरली आणि घरचे विसरले. बारावीनंतर मात्र घनसावंगीला जीपमधून उतरून घरापर्यंत चालतानाही तिला थांबावं लागायचं. तेव्हा काका तिला जालन्याला आमच्याकडे घेऊन आले.

दवाखान्यात बाबांनी मलाही नेलं. मी इंग्रजी शाळेत दहावीला होते. रिपोर्ट मी वाचेन असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. वाचला. मिट्रल व्हॉल्व्ह गळतो आहे एवढं कळलं. पण काका माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला शब्द सापडत नव्हते. पुस्तकातलं लाल-निळं हृदय पाठ होतं, घरच्या भाषेत ते कधी भेटलंच नव्हतं. ताईच हळू आवाजात म्हणाली, "द्विदल झडप. अलिंद वर, निलय खाली. आम्हाला शाळेत होतं की."

मग डॉक्टरांनी समजावलं. फुफ्फुसांतून शुद्ध झालेलं रक्त वरच्या कप्प्यात येतं, झडपेतून खालच्या कप्प्यात उतरतं. खालचा कप्पा आवळला की झडप मिटते आणि रक्त मोठ्या धमनीतून अंगभर जातं. त्या तापानं हिची झडप खराब झाली. ती पुरती मिटत नाही, दर ठोक्याला थोडं रक्त मागे येतं.

काका एकदम ताठ बसले. "म्हंजी फुटवॉल गळून राह्यला."

डॉक्टर हसले. "बराबर. बदलावा लागेल. उशीर करू नका."

मला हायसं वाटलं. विहिरीत पाइपच्या तळाशी फुटवॉल असतो. त्याची पाकळी पाणी वर जाऊ देते, परत खाली येऊ देत नाही. माझ्या मदतीशिवाय काकांना सगळं समजलं होतं.

घरी चहा पिताना बाबा म्हणाले, "दादा, जल्दी करू. पुढच्याच आठवड्यात नेऊ."

"जल्दीच करायची," काका म्हणाले. "पर ऊस जाऊ दे. तोडणीची टोळी कवा यील सांगता येत न्हाई, रानात मी पायजे. आपल्या हिरीतला फुटवॉल किती सालापासून गळतोय? पाइपात शेणकाला वतला की मोटर पाणी धरतीच ना? माणूस काढतो चार दिवस."

"अण्णा, मंग मलाबी शेणकाला पाजता का?" ताई काकांना म्हणाली.

सगळे हसले. काका तर डोळे पुसेपर्यंत हसले. ते ताईला घेऊन गावी गेले.

नाताळच्या सुट्टीत मी तिकडे गेले, तेव्हा ती भर दुपारी गोधड्यांच्या थप्पीला टेकून बसली होती. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. विहिरीत परत पडलेलं पाणी विहिरीतच राहतं. मागे आलेलं रक्त फुफ्फुसांत तुंबतं, आणि श्वासाला जागा उरत नाही. पावलं सुजली होती. तिनं नडगीवर बोट दाबून मला दाखवलं. "बघ, खड्डा." तो बराच वेळ भरून आला नाही.

रानातून मोटरचा आवाज येत होता. मग लाइट गेली आणि तो थांबला.

"माझी मोटर अशी बंद करता येत न्हाई ना गं?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. तिनं गोधडी नीट केली आणि माझ्या शाळेचं विचारू लागली.

टोळी उशिरा आली. उसाची शेवटची ट्रॉली अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या रस्त्याला लागली, तेव्हा घरात ताईचा तेरावा होऊन गेला होता.

दुसऱ्याच दिवशी काकांनी दोन माणसं बोलावली, पाइप वर ओढून घेतला आणि नवा फुटवॉल बसवला. जुना ते घरी घेऊन आले आणि ओसरीवर बसले. पितळ हिरवं पडलं होतं. बोटानं ते पाकळी उचलायचे, सोडायचे. ती पुरती मिटत नव्हती.

"ह्यो चालला की गं," ते मला म्हणाले. "ह्यो तर यवढी सालं चालला की."