शेवटच्या डबल डेकरचे ब्रेक

डोंबिवलीत आमच्या शेजारी बस डेपोतला एक मेकॅनिक राहतो. संध्याकाळी माझ्या ओट्यावर चहा पितो आणि डबल डेकर गाड्यांची दुखणी लेकीबाळींची असावीत तशी सांगत बसतो. नव्याकोऱ्या एकदम आलेल्या त्या गाड्या वीसेक वर्षं त्यानंच सांभाळल्या. मग एकेक भंगारात गेली. शेवटची जायच्या आदल्या दिवशी तो उशिरा आला. तिचे ब्रेक दुरुस्त करत होता.

“भंगारात जाणारीला कसले रे ब्रेक? साहेब हसला नाही?”

“हसला ना! पण काकी, शीळफाट्याच्या भंगारवाल्यापर्यंत ती रस्त्यानंच चालत जाणार. रस्त्यावर माणसं असतात.”

तो खुशीत होता. दुसरा चहा मागितला, वर साखर कमी म्हणून कटकट केली.