सोमवारची गोचिडं

आमच्या कुत्र्याच्या कानात गोचिडं झाली होती, एरंडाच्या बियांसारखी टंब फुगलेली. मी एकेक उपटायची अन् दगडानं चिरडायची. काळं रक्त पचकन उडायचं, लय किळस यायची. पण सोमवारी माझा महादेवाचा उपास. उपासाला जीव कसा मारायचा? म्हणून त्या दिवशीची गोचिडं मी कागदावर घेऊन गोठ्याच्या भिंतीपाशी जित्तीच सोडून द्यायची.

पुढं कुत्रं तापलं, खाईना, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. झरीहून जनावरांचे डॉक्टर आले. गोचिडांचाच ताप म्हणत त्यांनी सुई दिली, मग मी सोमवारची गोचिडं कुठं सोडते ते दाखवल्यावर त्या भिंतीच्या भेगेत काडी घातली. आतून खसखशीएवढी पिल्लं वळवळत भराभरा बाहेर आली.

"आजी, एकेक मादी हजारांनी अंडी घालती. तुमीच पाळलीत की ही."

"उपास होता बाबा."

"तुमचा होता, त्यांचा न्हवता."

कुत्रं वाचलं, पण महिनाभर नुसतं पडून होतं. आमी औषध मारून भेगा लिंपल्या. आता सोमवार असला तरी गोचीड चिमट्यानं काढून साबणाच्या पाण्यात बुडवते. हात दोनदा धुते, तरी त्या दिवशी साबुदाणा काही घशाखाली उतरत न्हाई.