लिएन मावशी आणि न रडणारी सून

तैवानमधल्या ताइनान शहरात, जुन्या मासळी बाजारामागे, ल्याव श्यौ-लिएन यांचं अंग दाबून देण्याचं दुकान आहे. दोन पलंग, काही स्टुलं, भिंतीवर वडिलांचा फोटो. गल्लीत सगळे त्यांना लिएन मावशी म्हणतात, त्यांच्याहून वयानं मोठे असलेलेही. वडील हाडं बसवायचे आणि मावशी छत्र्यांच्या कारखान्यात काड्या जोडायच्या. पुढे कारखाना बंद पडला, वडिलांची बोटं संधिवातानं वाकली आणि त्यांची गिऱ्हाइकं हळूहळू मुलीच्या अंगठ्याखाली आली. शिकवणी अशी झालीच नाही. वडील शेजारी बसून "वर, अजून वर, तिथे नाही" एवढंच म्हणायचे.

मन मोकळं करणं वगैरे शब्द मावशी वापरत नाहीत. नवरा गेलेली बाई येते ती खांदा धरला म्हणून. धंदा बुडालेला माणूस पोटाची तक्रार घेऊन येतो. मावशी खांदा दाबतात, पोटासाठी नडगी दाबतात, आणि मध्येच कुणी रडू लागलं तर टॉवेल पुढे करून दाबत राहतात. "आपण थांबलो की त्यांना लाज वाटते," त्या म्हणतात.

त्यांची सुरुवात ठरलेली असते. हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग. डोक्यात चढलेलं, छातीत अडकलेलं सगळं तिथून खाली उतरतं, असं वडील सांगत. मात्र गरोदर बाईची ती जागा दाबायची नाही, गर्भ निसटतो, हेही त्यांनीच बजावलं होतं. अडचण अशी की पहिले तीन महिने दिवस गेल्याचं कुणी बोलत नाही. बोललं तर गर्भाला राखणारा देव रागावतो. मग विचारायचं तरी कसं? मावशींनी त्यावर एक तोडगा काढला होता. येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या यीरनच्या, म्हणजे बार्लीसारख्या दाण्यांचं बर्फ घातलेलं सरबत देत. गर्भाला बाधतं म्हणून दिवस गेलेली बाई यीरन तोंडाला लावत नाही, आणि बर्फही नाही. ग्लास रिकामा झाला की मावशी हात हातात घेत. तसाच राहिला तर खांदे चोळून पाठवून देत. विचारायला नको, सांगायला नको. इतक्या वर्षांत त्यात कधी चूक झाली नव्हती.

गेल्या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी माशांचे गोळे विकणाऱ्या त्सायबाई सुनेला घेऊन आल्या. एका पलंगावर टॅक्सीवाला हुंग कमरेवर गरम टॉवेल घेऊन पालथा पडला होता.

"लिएन, हिला रडव," त्सायबाई म्हणाल्या. घड्याळ दुरुस्तीला आणावं तशा सुरात.

"झालं काय?"

"आई गेली हिची. अशा वेळी माहेरी गेलं की लेकीनं रस्त्यापासून दारापर्यंत गुडघ्यांवर रांगत जायचं, मोठ्यानं रडत, ही रीत. ही रांगली, पण तोंडातून आवाज नाही. डोळे कोरडे ठणठणीत. हिची काकू चारचौघांत म्हणाली, सासरचं जेवण फारच मानवलेलं दिसतंय. म्हणजे बोट कुणाकडे? परवा अंत्यविधी आहे. तिथेही ही अशीच उभी राहिली तर मी त्या गावात तोंड कसं दाखवू?"

"तुम्हाला रोज कुठे जायचंय त्या गावात," हुंग म्हणाला.

"तू गप पालथा पड."

"पालथाच आहे."

सून पेइ-यिन स्टुलावर बसली होती. झोप नाही म्हणाली. जेवणाचं विचारलं तर छातीच्या मधोमध बोट ठेवून म्हणाली, "इथे अडकतं." मावशींनी ग्लास दिला. तिनं एकदा सासूकडे पाहिलं आणि तो एका दमात संपवला. बर्फाचा खडासुद्धा चावून खाल्ला.

मावशींनी तिचा हात घेतला आणि ठरलेल्या जागी अंगठा रोवला. पेइ-यिननं हात हिसडला. दुखणारा हात माणूस तोंडाशी नेतो, काखेत दाबतो. तिनं तो पोटावर धरला.

मावशींना पुढचं समजायला वेळ लागला नाही. गरोदर बाईला अंत्यविधीला जाऊ देत नाहीत. अडवणारी शेजारीच बसली होती, आणि ग्लास तिला दाखवायला रिकामा केला होता.

"दुखलं का गं?" त्सायबाईंनी विचारलं.

"हात तापलाय," मावशी म्हणाल्या. "दुसरीकडून बघू."

त्यांनी तिचं मनगट उलटं केलं. घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधोमध एक जागा आहे, तिला त्या 'आतला नाका' म्हणतात. ती गरोदर बाईलाही चालते, उलट्यांसाठी तीच दाबतात. पण आपला अंगठा आधी किती जोरात बसला, याचा हिशेब त्यांच्या डोक्यातून जाईना. सांगावं तर या मुलीचं आईला पोचवणं बुडणार. न सांगावं आणि रात्री काही कमीजास्त झालं तर? त्या हलक्या हातानं दाबत राहिल्या. बऱ्याच वेळानं पेइ-यिनचा श्वास अडखळला, मग खांदे हलू लागले, मग आवाज फुटला.

"आलं की," त्सायबाई समाधानानं म्हणाल्या. "हेच परवा करायचं."

मावशींनी टॉवेल दिला, मनगट सोडलं नाही. तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मी जोरात दाबलंय, पोरी. आज डॉक्टरकडे जायला हवं. एकटी चोरून जाणार आहेस का?"

पेइ-यिननं टॉवेलनं नाक पुसलं. "आई, मला दिवस गेलेत," ती सासूला म्हणाली.

त्सायबाई रिकाम्या ग्लासाकडे बघत राहिल्या. "आणि तू हे प्यायलीस?"

"नसते प्यायले तर जाऊ दिलं असतंत?"

"तीन महिने बोलायचं नसतं ते एक. आणि बोललीस कुठे, तर दुकानात, या मेल्यासमोर."

"मला एका कानानं ऐकू येत नाही," हुंग म्हणाला. "दुसरा उशीत आहे."

"परवा जायचं नाही. विषय संपला."

"बरं. मग काकूला तुम्ही सांगा, मी का आले नाही ते."

त्सायबाईंना खरं कारण सांगायचं नव्हतं, आणि कारण न सांगता सून आईच्या अंत्यविधीला आली नाही असं झालं तर काकूला वर्षभराचं खाद्य मिळालं असतं. मावशी म्हणाल्या, "पोटाला लाल कापड बांधून जातात की. माझ्या वडिलांनी कितीजणींना सांगितलं असेल."

"माझी बायको गेली होती तशी," हुंग म्हणाला. "पोरगा धडधाकट आहे. नुसता आळशी आहे, पण ते माझ्याकडून आलंय."

"शवपेटीवर झाकण बसवताना हिनं पाठ फिरवायची," त्सायबाई म्हणाल्या.

"नाही फिरवणार."

"मग मी पुढे उभी राहीन. माझ्या पाठीकडे बघायचं."

मावशींनी पेइ-यिनचं दुसरं मनगट मागितलं, ते राहिलं होतं. मग तिघी दवाखान्यात गेल्या आणि हुंग टॉवेल गार होईपर्यंत तिथेच पडून राहिला. डॉक्टरनं तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. हात दाबल्यानं काही होत नाही, असंही तो म्हणाला. मावशींनी ते ऐकून घेतलं, मानलं नाही.

सरबत त्यांनी त्याच आठवड्यात बंद केलं. आता त्या सरळ विचारतात, "दिवस गेलेत का?" काही बायका रागावून उठून जातात. एकीनं तर दारात तीनदा थुंकून देवाची माफी मागितली. मावशी म्हणतात, जाऊ दे, बाई रागावून गेलेली परवडते.

अंत्यविधीला सासू-सुनेला हुंगच टॅक्सीतून घेऊन गेला होता. परत आल्यावर तो कंबर दाखवायला आला, तेव्हा मावशींनी विचारलं, "रडली का?"

"रडली. काकूपेक्षा जास्त."

"आणि झाकणाच्या वेळी?"

"त्सायबाई पुढे जाऊन उभ्या राहिल्या, हात पसरून, कोंबडीसारख्या. पण त्या सुनेच्या खांद्यालाही लागत नाहीत. तिनं सगळं पाहिलं."

"त्सायबाईंना कळलं?"

"त्यांनी मागे वळून बघितलंच नाही," हुंग म्हणाला आणि पलंगावर पालथा झाला.