घुमणारं कपाट
वाचनालयात जन्मभर लोकांना गप्प बसवणाऱ्या ग्रंथपाल बाईंनी निवृत्त होताच रेकॉर्ड प्लेअर आणला. पण आवाज वाढवून ठेवला आणि गाण्यात खर्ज आला, की स्पीकर म्हशीसारखे हंबरायला लागत.

"अक्का, आवाज कमी ठेव, मिटलं!" धाकटा भाऊ म्हणाला. घर दोघांचं होतं, शहाणपण मात्र त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलेलं.

"आजवर कमीच ठेवला. आता मी नाही ठेवायची."

बाईंनी थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवली आणि कपाटावर बोटाने टकटक केली. स्पीकरमधून धाडधाड आवाज आला. प्लेअर आणि स्पीकर एकाच कपाटावर बसवलेले. स्पीकरची थरथर लाकडातून सुईत शिरायची आणि मोठी होऊन पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडायची.

त्यांनी स्पीकर खाली उतरवले. हंबरणं निम्मं झालं; उरलेली थरथर जमिनीतून कपाटात चढत होती. निम्म्यावर समाधान मानतील तर त्या बाई कसल्या! प्लेअरसाठी त्यांनी भिंतीतच फळी ठोकायला घेतली.

"अगं, कालच रंग दिलाय!"

"तुझ्या अर्ध्या भिंतीला हात लावत नाहीये."

फळी बसली. बाईंनी आवाज पार वर नेला. खर्ज स्वच्छ उमटला, खिडकीच्या काचा थरथरल्या. भावाने कानात बोटं घातली. बाईंनी त्याच्याकडे बघत रेकॉर्डची दुसरी बाजू लावली.