खोट्या कळा

माझी थोरली बहीण मालनबाई गेली तेव्हा तिच्या अंत्यविधीत चर्चच्या नव्या पाळकसाहेबांनी तिला 'शांत स्वभावाची भगिनी' म्हटलं. मी पुढच्याच बाकावर बसले होते. उठून म्हणावंसं वाटलं की साहेब, तुम्ही भलत्याच बाईला पुरताय. आमची आक्का निम्मं आयुष्य रागात जगली आणि तिचा राग अगदी रास्त होता. तिची लेक निर्मला याबद्दल तोंड उघडणार नाही, म्हणून मी उघडते.

आम्ही मूळच्या जालन्याकडच्या, मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढलेल्या. आक्का तिथंच दाईचं काम शिकली आणि लग्न होऊन हैदराबादला आली. नल्लकुंट्यात एका चाळवजा घरात तिच्या दोन खोल्या होत्या. पुढं मला शाळेत नोकरी लागली तेव्हा मीही शेजारची खोली घेतली. आसपासच्या पोरांपैकी निम्मी तिच्या हातावर जन्मलेली. तेलुगू घरात ती मालनम्मा, मुसलमान घरात मालनआपा, आणि मराठी वकिलांच्या घरात मालनबाई. बोलावणं आलं की ही पिशवी उचलायची आणि निघायची, घर कुणाचं ते बघायची नाही.

तिचे यजमान हिम्मतराव रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. दारू नाही, विडी नाही, बायकोवर हात उचलणं नाही. पगार झाला की आणून तिच्या हातात देत. माणूस वाईट असता तर मला एवढा संताप आला नसता. वाईट माणसाशी कसं वागायचं ते बाईला कळतं. चांगल्या माणसाच्या डोक्यात एकदा देव चुकीच्या बाजूनं शिरला की काय करायचं, ते कुणी शिकवत नाही.

ते वर्ष अठ्ठेचाळीसचं. देश स्वतंत्र झाला होता आणि आमचं संस्थान मधल्यामध्ये लोंबकळत होतं. रझाकार रस्त्यातून कवायत करत जात, सरहद्दीवरून माल येणं बंद झालं होतं, मीठ मिळेना, रॉकेल मिळेना, दवाखान्यात औषध मिळेना. ज्यांना जमलं ते सोलापूर-पुण्याकडं निघून गेले. उरलेले सगळे एकमेकांना एकच विचारत होते, आता काय होणार? अशा वेळी ठाम उत्तर देणारा माणूस फार मोठा वाटतो. आमच्यात तसे एक आले, उपदेशक नामदेवराव.

मे महिन्यात वर्तमानपत्रांत बातमी आली की तिकडं यहूदी लोकांचं राष्ट्र उभं राहिलं. नामदेवरावांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी घराघरांतून सभा घ्यायला सुरुवात केली. म्हणाले, हीच ती अंतकाळाची खूण. आता महासंकट येणार, पण त्याआधीच प्रभू खऱ्या विश्वासणाऱ्यांना ढगांत उचलून नेणार, मागं राहतील ते भोगतील, आणि मग पृथ्वीवर प्रभूचं हजार वर्षांचं राज्य होणार. जगाचे दिवस भरले, जगाला कळा सुरू झाल्या, असं ते दर सभेत सांगत. हिम्मतराव पहिल्याच सभेतून डोळे पुशीत घरी आले.

आमच्या मंडळीचे पाळक एकनाथराव यांचं मत अगदी उलट. ते म्हणत, ती हजार वर्षं बोटांवर मोजायची नाहीत, ती मंडळीच्या चालू काळाची खूण आहे. प्रभू एकदाच येईल, सगळ्यांसाठी येईल, आणि दिवस कुणालाच ठाऊक नाही. मंडळीत उभी फूट पडली. उपासना संपली की पुरुष आवारातल्या चिंचेखाली उभे राहून उचलून नेणं आधी की संकट आधी यावर घसे कोरडे करत. बायका घरी जाऊन मिठाशिवाय डाळ शिजवत.

आक्कानं दोघांचंही ऐकून घेतलं. मला म्हणाली, "कुसुम, ज्यांनी कधी बाळंतपण बघितलं नाही ते कळांच्या गोष्टी सांगतात. मी बघते ना. दिवस भरले म्हणून बाई घरभर ओरडते, पाणी तापतं, सगळे धावतात, आणि दुखणं थांबतं. खोट्या कळा. मग बाई उठते आणि भाकरी थापायला बसते."

ती असं हसून बोलली, कारण तोवर तिच्या घरात काही बिघडलेलं नव्हतं. निर्मलाचं लग्न ठरलं होतं. मुलगा प्रभाकर, जालन्याच्या एका दवाखान्यात कंपाउंडर. नातेवाईकांच्या एका लग्नात दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं. निर्मलाचं तोंड तसं कायम मिटलेलं, पण जालन्याचं नाव निघालं की ही उगाच पदर सावरायला लागायची. आक्कानं दोन पातळं घेऊन ठेवली होती. त्यांतलं एक निर्मला रोज काढून बघायची आणि घडी करून ठेवायची.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मंडळीपुढं वधूवरांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत आहे का ते विचारतात. कुणाचं आधी लग्न झालेलं असेल, नातं जवळचं असेल, तर तेव्हा बोलायचं. माझ्या जन्मात मी कुणी हरकत घेतलेली ऐकली नव्हती. वाचणारा विचारतो, सगळे गप्प बसतात, पुढचं गीत सुरू होतं. पहिला रविवार झाला. दुसरा झाला. तिसऱ्या रविवारी एकनाथरावांनी नावं वाचली, हरकतीचं विचारलं, आणि पुरुषांच्या बाजूला हिम्मतराव उभे राहिले.

स्वतःच्या लेकीच्या लग्नाला बापाची हरकत. आधी लोकांना वाटलं की यांना काही सूचना सांगायची आहे. दाजी सगळं बोलून गेले. प्रभू दाराशी आला आहे, अशा वेळी मुलीला संसारात गुंतवणं म्हणजे तिला मागं ठेवून जाणं, महासंकटात ढकलणं. बाप म्हणून ते आपल्याच्यानं होणार नाही. घरी एक शब्द बोलले नव्हते. आदल्या दिवशी आक्कासोबत बसून लग्नाचे तांदूळ निवडले होते या माणसानं.

निर्मला माझ्या शेजारी बसली होती. तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. आक्का मात्र उठली. आमच्या मंडळीत उपासना चालू असताना बायका बोलत नसत. ती उभी राहिली आणि थेट पाळकांना म्हणाली,

"साहेब, दिवस कुणालाच ठाऊक नाही असं तुम्हीच शिकवता. मग यांनाही ठाऊक नाही. ज्याला ठाऊकच नाही त्याची हरकत कसली? आणि प्रभू आलाच तर येऊ द्या की मांडवात. तो लग्नाला जात होता, हे तुम्हीच आम्हाला सांगितलंय."

बायकांत खसखस पिकली, काही पुरुषही हसले. मला वाटलं जिंकली आमची आक्का. पण एकनाथरावांनी चष्मा पुसला. इकडं नामदेवरावांची माणसं बसलेली, तिकडं त्यांची स्वतःची. मंडळी फुटेल या भीतीनं त्या माणसानं माघार घेतली. म्हणाले, बापाची हरकत आहे, पंचांसमोर विचार करू, दिवसही बरे नाहीत, तोवर थांबू या. अंत जवळ नाही असं सांगणाऱ्यानंच अंत जवळ आल्यासारखं लग्न थांबवलं. मला नामदेवरावांपेक्षा या एकनाथरावांचाच जास्त राग आहे. नामदेवरावांना निदान आपण बोलतो ते खरं वाटत होतं.

त्यानंतर आक्का पाळकांच्या घरी जाऊन जाऊन थकली. नावं वाचून झाली, हरकत नाही, एवढी चिठ्ठी त्यांनी दिली असती तर जालन्याच्या पाळकांनी लग्न लावलं असतं. ती लेकीला घेऊन रझाकारांच्या गाडीतूनसुद्धा जायला तयार होती. एकनाथराव चहा देत, प्रार्थना करू म्हणत, आणि चिठ्ठी देत नसत. घरी हिम्मतराव पांढरं धोतर, पांढरा सदरा धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावून ठेवत, बोलावणं येईल तेव्हा घालायला. कारखान्यात जाणंही त्यांनी सोडलं. आक्काच्या कंदिलातलं रॉकेल काढून प्रभूसाठी दिवा लावत. ती पोटुश्या बायकांकडं मेणबत्तीचे तुकडे घेऊन जायची.

ऑगस्टमध्ये प्रभाकरचे वडील प्रतापराव स्वतः आले. त्या दिवसांत जालन्याहून गाडीनं यायचं म्हणजे जीव मुठीत धरूनच. येऊन ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "व्याही, माझं पोरगं थांबायला राजी हाय. पर किती थांबायचं, ते एक सांगा." हिम्मतरावांनी त्यांना महासंकटाचा सगळा क्रम समजावून सांगितला. प्रतापरावांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग आक्काकडं बघून म्हणाले की घरात त्याची आई आजारी आहे, घराला सून पाहिजे, अन् आता तुम्हीच सांगा मी काय करू. आक्का आठवडाभरात निरोप धाडते एवढंच म्हणाली. आठवडाभर ती पाळकांच्या उंबऱ्यावर बसली. चिठ्ठी मिळाली नाही आणि निरोपही गेला नाही.

सप्टेंबरात हिंदी फौज सरहद्द ओलांडून आत आली. आम्ही दारं लावून बसलो. कधी बॉम्बची अफवा, कधी तहाची. मग एका सकाळी गल्लीतून आरोळी उठली, "आ गए, आ गए!" लोक दारं उघडून मोठ्या रस्त्याकडं पळायला लागले. हिम्मतराव ताडकन उठले. खुंटीवरचे पांढरे कपडे अंगात चढवले, आणि आक्काकडं न बघता, लेकीकडं न बघता, अनवाणी बाहेर धावले. घर, बायको, पोर, सगळं मागं टाकून. मी त्यांच्यामागं गेले. गर्दी रस्त्याच्या टोकाकडं बघत होती, तिकडून लष्करी मोटारी येत होत्या. दाजी एकटे आभाळाकडं बघत उभे होते. कॉलेजातल्या कुणा मुलानं त्यांच्या हातात तिरंगा दिला. तो धरून ते तसेच वर बघत राहिले. मी दंडाला धरून घरी आणलं.

मला हसू आलं असतं, पण दारात आक्का उभी होती. ती म्हणाली, "मला सोडून निघाला होतात, ठीक आहे. पोरीला घ्यायचं तरी आठवायला पाहिजे होतं. तिच्यासाठीच थांबवलं होतं ना लग्न?" पुढच्या रविवारी नावं पुन्हा वाचली. हरकतीचं विचारलं तेव्हा हिम्मतराव जमिनीकडं बघत बसून राहिले.

रेल्वे सुरळीत झाली तशा आम्ही तिघी जालन्याला गेलो, चिठ्ठी घेऊन. दार एका नव्या सुनेनं उघडलं. हातात हिरवा चुडा होता. प्रभाकर आतून बाहेर आला आणि निर्मलाला बघून परत आत गेला. प्रतापरावांना मी दोष देत नाही. त्यांनी येऊन विचारलं होतं. चहा झाला, आम्ही उठलो. परतीच्या गाडीत निर्मला खिडकीशी बसली आणि आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. परभणी गेलं, नांदेड गेलं.

घरी आल्यावर दाजींना कळलं तेव्हा ते सुस्कारा टाकून म्हणाले, "देवाची इच्छा."

आक्का भांडी घासत होती. हातातलं पातेलं खाली ठेवून ती उठली. "देवाचं नाव घेऊ नका. इच्छा तुमची होती. सगळ्या मंडळीसमोर उभं राहून तुम्ही ती सांगितलीत."

त्या दिवसापासून तिनं एक गोष्ट केली. आमच्या घरात जेवणाआधी कर्ता माणूस प्रार्थना करतो आणि बाकीचे आमेन म्हणतात. आक्का ताटावर बसायची, डोळे मिटायची, दाजींची प्रार्थना संपायची, आणि ती भाकरी मोडायची. आमेन म्हणायची नाही. स्वतःची प्रार्थना ती चुलीपाशी वेगळी करायची. दाजी कारखान्यात परत गेले, निवृत्त झाले. नामदेवरावांनी आधी एक साल सांगितलं, मग दुसरं, मग ते गुंटूरकडं गेले. निर्मला नर्स झाली. तिला पुढं दोन स्थळं सांगून आली, ती नको म्हणाली. मंडळीतल्या बायका माझ्याकडं येऊन म्हणत, मालनबाईचं काळीज दगडाचं आहे, नवऱ्याच्या प्रार्थनेला आमेन नाही म्हणजे काय. मी त्यांना सांगायची की तुमच्या लेकीच्या लग्नाला तुमचा नवरा असा उठू दे, मग या.

हिम्मतराव शेवटच्या दुखण्यात पडले तेव्हा निर्मलाच त्यांचं सगळं करायची. अंग पुसायची, औषध पाजायची, कूस बदलायची. एक दिवस त्यांनी पडल्या पडल्या प्रार्थना म्हटली. लवकर ये प्रभो, एवढंच शेवटी ऐकू आलं. मग आक्काकडं बघून म्हणाले, "मालन, आता तरी आमेन म्हण."

निर्मला पलंगाच्या पलीकडं औषधाचा चमचा धरून उभी होती. आक्का म्हणाली, "म्हणते. आधी तिची माफी मागा."

दाजींनी निर्मलाकडं बघितलं. ओठ हलले, मला दिसले. मग त्यांनी तोंड उघडून औषध घेतलं आणि भिंतीकडं कूस वळवली. त्यानंतर ते आणखी काही दिवस होते. निर्मला रोज समोर होती.