आकाश राहिलंय

लेकीच्या शाळेने शंभर वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच चित्रकाराचं जलरंगातलं निसर्गचित्र नक्कल करायला दिलं होतं. एक डोंगर, चार झाडं आणि अर्धाअधिक कागद चक्क कोरा. पुढचा रंग कुठे लावायचा याची खात्री होईपर्यंत हा गृहस्थ म्हणे हात आवरून बसायचा. कोरी जागा हाच त्याचा प्रकाश, असं लेकीने मला समजावलं. मला एवढंच कळलं की चित्र उद्या सकाळी द्यायचंय आणि त्याचे मार्क वार्षिक निकालात धरणार आहेत.

त्याच सुमारास परदेशातल्या आमच्या बेडोकच्या फ्लॅटवर पुण्याहून सासरे आले होते. तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग मास्तर. आयपॅडवर मूळ चित्र बघून ते हळहळले.

"आकाश राहिलंय. वेळ पुरला नसेल बिचाऱ्याला."

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण लेक तीन दिवस खपून केलेलं चित्र टेबलावर वाळत ठेवून पोहायला गेली आणि मी ऑफिसच्या कॉलवर अडकले. तासाभराने बाहेर येऊन बघते तर एका डोंगराचे तीन झालेले. मधून सूर्य वर येतोय, खाली नदी, काठाला झोपडी, नारळ, आणि गडद निळ्या आकाशात पक्ष्यांची रांग.

"पुरं करून टाकलं," बाबा ब्रश धूत म्हणाले. "पोरीला किती तो ताण."

सासरे होते म्हणून मी राग गिळला; माझे वडील असते तर त्यांची खैर नव्हती.

"बाबा, ते मुद्दाम कोरं ठेवलं होतं."

त्यांनी पुन्हा आयपॅड उघडला. मूळ चित्रातल्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं.

"याचेच मार्क कापले गं मी. इतकी वर्षं," ते म्हणाले. त्यांचा उतरलेला चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठे गेला.

लेक आली. चित्र बघून तिचे डोळे भरले. मग तिने आजोबांकडे पाहिलं आणि नवा कागद काढला.

"इट्स ओके, आजोबा. दॅट वन युअर्स ऑलरेडी. साइन, लाह," ती तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली.

पोरांच्या हजारो चित्रांखाली लाल शाईने सही केलेला माणूस. स्वतःच्या चित्रावर त्यांनी कधीच केली नव्हती. लाजत त्यांनी बारीक ब्रश उचलला आणि सहीपुरती जागा शोधू लागले. कागदावर बोटभर पांढरं उरलं नव्हतं.

शेवटी ओल्या कापसाने त्यांनी आकाशाचा एक कोपरा पुसायला घेतला.